तुतीच्या झाडांपाशी काउंटसाहेब काय म्हणाले

ग्रासेनहोफ, ४ मार्च १८८२

प्रिय मातौशमामा,

पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची असते, म्हणून आधी ती विचारतो. गुडघा कसा आहे? मामीने दिलेली हंसाची चरबी लावता का? आता कामाचं लिहितो.

मी इथे लेखनिक म्हणून लागलो हे आईने कळवलं असेलच. जनरल काउंट एगोन फॉन ट्राउनेग यांची सगळी कारकीर्द मला नीट लिहून काढायची आहे. जूनमध्ये त्यांच्या जुन्या रेजिमेंटचा उत्सव आहे, तिथे ती वाचून दाखवतील. काम सोपं वाटलं होतं. पण काउंटसाहेब फार थोडं बोलतात. सैन्यात त्यांना 'मुका काउंट' म्हणत, ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय ते कधी साल सांगत नाहीत, घोडा सांगतात. "बेलोना होती तेव्हा मी लेफ्टनंट. सुलतान लंगडायला लागला त्या हिवाळ्यात कर्नल. करड्या घोडीने माळ्याची कोबी खाल्ली तेव्हा जनरल." मग मी तबेल्यात जातो, कोणता घोडा कधी मेला ते म्हाताऱ्या मोतद्दाराला विचारतो आणि त्यावरून सालं बसवतो. मोतद्दार आणि साहेब यांचं एका घोड्यावरून भांडण आहे, त्यामुळे साहेबांना मेजर नक्की कधी केलं हे अजून ठरलेलं नाही.

एका जागी मात्र पुरता अडलो आहे. १८४८ साली इटलीत, मोंतालेत्तो गावाबाहेर, साहेब कॅप्टन होते. वरून हुकूम होता की तुतीच्या झाडांमागे थांबा. ते थांबले नाहीत. एका पथकानिशी चालून गेले आणि शत्रूच्या चार तोफा घेतल्या. पुढचं सगळं, मेजर, कर्नल, ब्रिगेड, छातीवरचा क्रॉस, त्या एका हल्ल्यातून आलं. त्या वेळी साहेबांनी जो शब्द उच्चारला तो रेजिमेंटला बराकीच्या दारावर दगडात कोरायचा आहे. शब्द मी द्यायचा, बिनचूक स्पेलिंगसह. साहेबांना विचारलं तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शोभेलसं काहीतरी लिही." मामा, कागदावरचं खोडता येतं, दगडावरचं कसं खोडणार?

त्या दिवशी साहेबांच्या शेजारी बिगूल घेऊन तुम्हीच होता. साहेब नेमकं काय म्हणाले?

मी तुमचा भाचा आहे हे इथे सांगितलेलं नाही. आडनाव वेगळं असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि वशिल्याने चिकटला असं कोणी म्हणायला नको. काम पसंत पडलं तर मला कायमची नोकरी आणि फाटकाशेजारचं लहान घर मिळेल. माळी पिंगर यांनी साफ सांगितलंय की डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला ते आपली मुलगी रोझल देणार नाहीत. (हे शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवू नका.)

तुमचा आज्ञाधारक भाचा,
व्हेंडेलिन कौटनी


लिपोवा, सेंट जोसेफच्या दिवशी, १९ मार्च

व्हेंडा,

गुडघा दुखतो. चरबी मी पावाला लावून खातो. कधीतरी गुडघ्यापर्यंत पोचेलच.

शब्द विचारतोस? घे लिहून. मरणाचं ऊन, तुतीची झाडं, आणि शेतापलीकडे त्यांच्या चार तोफा. तोफांना खेचरं जुंपायचं चाललेलं, खेचरं ऐकत नव्हती, म्हणजे सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. आमचं पथक सगळं आपल्या मोराव्हियाचं, चेक बोलणारं. मला जर्मन येत होतं ते हुकमांपुरतं: थांब, चढ, उतर, वळ. काउंट तेव्हा कोवळा होता, मिशीपेक्षा टोपीच मोठी. मी म्हटलं, "हल्ला? वाजवू?" त्याने हात वर केला, माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि गरजला, "ना! ना!"

आपल्या भाषेत 'ना' म्हणजे काय हे तुला सांगायला नको. कुत्र्याला हाड टाकताना आपण काय म्हणतो? 'ना!' घे! पोराच्या हातात गरम पाव ठेवताना? 'ना!' घे! अरे, व्हिएन्नाचा काउंट, फ्रेंच मास्तरणीच्या हाताखाली वाढलेला, आणि ऐन वेळी आमच्या भाषेत ओरडला, "घे! घे!" माझ्या अंगावर काटा आला. असा फुंकला बिगूल की ओठ फुटला. मागून सगळे सुटले आणि तेही ओरडायला लागले, "ना! ना!" खेचरं पळाली, तोफा राहिल्या. त्या आम्ही घेतल्या. घ्याच म्हटलं होतं आम्हाला.

गावात ही गोष्ट लहान पोरांनाही पाठ आहे. आपले शाळामास्तर स्कोपेक यांना मी गेल्या आठवड्यात पुन्हा सांगितली तर त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "हर्डलिचका, सध्या कचेरीच्या पाटीवर चेक वर लिहायचं की जर्मन, यावरून डोकी फुटताहेत, आणि तू हे घरात दडवून बसलास? एका जनरलने चेकमध्ये हुकूम दिला!" ते ब्रनोच्या वर्तमानपत्राला लिहून पाठवताहेत.

तर दगडावर कोर: 'ना'. एन आणि ए, दोनच अक्षरं. एवढ्यात तर तूसुद्धा घाबरायला नको.

मामा

(रोझलचं वाक्य आईला वाचून दाखवलं. ती विचारते, मुलीला भाकरी-भाजी येते की नुसती फुलंच?)


ग्रासेनहोफ, २६ मार्च १८८२

मामा,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही.

तो शब्द मी इथे रोज ऐकतो. सकाळी नोकर दूध पुढे करतो, साहेब म्हणतात, "ना." डॉक्टर म्हणतात, हुजूर, सिगार सोडा, साहेब म्हणतात, "ना, ना." पाद्री म्हणतात, हुजूर, यंदा उपासाच्या दिवसांत निदान डुकराचं तरी टाळाल? साहेब म्हणतात, "ना!" मामा, व्हिएन्नाच्या बोलीत 'ना' म्हणजे नाही! पुस्तकातल्या जर्मनमध्ये 'नाइन' असतं, मी शाळेत तेच शिकलो. पण ही मोठी माणसं पुस्तकातलं बोलत नाहीत. ती नाकातून बोलतात आणि शब्दाचं शेपूट खाऊन टाकतात.

खात्री केल्याशिवाय लिहू नये म्हणून स्वयंपाकीणबाईंना विचारलं, "साहेब 'ना' म्हणाले तर सूप आत न्यायचं की परत आणायचं?" त्या म्हणाल्या, "अरे, तुला झालंय काय आज? परत आणायचं! आणि मग ते मी खाते."

म्हणजे असं झालं. तुम्ही विचारलंत, "वाजवू?" साहेब म्हणाले, "नको! नको!" आणि तुम्ही वाजवलंत. हात वर केला तो तुम्हाला थांबवायला.

मी कारकीर्दीचे कागद पुन्हा वाचले. पानापानावर 'मोंतालेत्तोचा वीर' आहे. तो काढला तर नुसते घोडे उरतात.

माझी हात जोडून विनंती आहे, मास्तरांना थांबवा. हे छापून आलं आणि इथल्या कोणी अर्थ लावला तर साहेबांची अब्रू जाईल, त्या हल्ल्याबद्दलचं तुमचं पदक जाईल आणि माझं घर तर मिळण्याआधीच जाईल. दगड कोरणाऱ्याला मी सांगितलंय की स्पेलिंगची खात्री करून घेतोय. तो म्हणाला, "दोन अक्षरांची?"

हे पत्र चुलीत टाका. पूर्ण जळू द्या, कोपऱ्यांसकट.

व्हेंडेलिन


लिपोवा, ईस्टरचा सोमवार

व्हेंडा,

पत्र जाळलं, कोपऱ्यांसकट. तुझी मामी विचारत होती कोणा बाईचं होतं.

पोरा, तुला काय वाटलं, मला माहीत नाही? लढाईनंतर तिसऱ्या वर्षी आमची बदली व्हिएन्नाला झाली. तिथे एका बिअरच्या गुत्त्यात मिझी नावाची वाढपीण होती, गालांवर अशी लाली की जणू आत्ताच भट्टीतून काढलीय. मी सगळं धैर्य गोळा करून माझ्या ओठांकडे बोट केलं आणि मग तिच्या गालाकडे. ती म्हणाली, "ना, ना!" घे, घे! मी घेतली. अशी थोबाडीत बसली की बाकाखाली जाऊन पडलो, आणि तिथे पडल्या पडल्या मला मोंतालेत्तो आठवलं. डोक्यात उजेड पडला तो असा.

मग काय करायचं होतं? काउंटला मेजर केलेलं, मला चांदीचं पदक दिलेलं. 'नको' म्हटल्यावर हल्ला वाजवणाऱ्या बिगुलवाल्याला सैन्यात काय देतात? मागे भिंत देतात आणि पुढे बंदुका. म्हणून मी ठरवलं की त्या दिवशी काउंट आपल्या भाषेत बोलला. इतकी वर्षं सांगतोय की आता मला स्वतःला ते खरं वाटतं. लोकांनाही आवडतं. कोणाचं नुकसान आहे?

आणि तू म्हणतोस अब्रू जाईल. उलटं करून बघ. काउंट नको म्हणाला, तर तोफा घेतल्या कोणी? मी. म्हणजे जनरल मी. तुझ्या स्वयंपाकीणबाईंना सांग, यापुढे ते परत आलेलं सूप माझं.

मास्तरांना थांबवायला गेलो होतो, तुझ्या आईची शपथ. दारातच म्हणाले, "ये, हर्डलिचका, ये! छापून आलं!" अंक सोबत पाठवतोय. पहिल्याच पानावर आहे. माझं आडनाव चुकीचं छापलंय, ते वाचून तुझ्या पोटात दुखेल.

मामा


ग्रासेनहोफ, ३ मे १८८२

मामा,

हे मी साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. आत ते माझा मसुदा वाचताहेत. कागद मांडीवर आहे, अक्षराबद्दल माफ करा.

तो अंक इथेही पोचला. गेल्या रविवारी ब्रनोचे चेक विद्यार्थी आले, खिडकीखाली उभं राहून गाणी म्हटली आणि फुलांची टोपली दिली. तिच्या फितीवर लिहिलं होतं, 'आमच्या मातृभाषेच्या सेनापतीला'. साहेबांना वाटलं आज आपला वाढदिवस असावा. दुसऱ्या दिवशी गावातल्या जर्मन व्यायाममंडळाने साहेबांचं मानद सभासदत्व काढून घेतलं. आपण सभासद होतो हे साहेबांना तेव्हा कळलं. आणि काल रेजिमेंटच्या कचेरीचं पत्र आलं: 'मोंतालेत्तो येथील हुकूम हुजुरांनी कोणत्या भाषेत दिला, याचा लेखी खुलासा व्हावा.'

साहेबांनी मला बोलावलं. पत्र माझ्या हातात दिलं.

"वाच, कौटनी. हं. आता सांग, चेकमध्ये दिला असं कळवलं तर?"

"हुजूर, नियमभंग होतो. सैन्यात हुकमाची भाषा जर्मन."

"जर्मनमध्ये दिला असं कळवलं तर?"

मी टेबलाच्या पायाकडे बघत राहिलो.

"टेबलाला विचारलं नाही मी."

"तर हुजूर, 'नाही' असा अर्थ होतो. म्हणजे हुजूर वाजवू नको म्हणाले आणि पथक तरी गेलं."

"वर्तमानपत्रात तर 'घे' लिहिलंय. हा 'नाही' तू कुठून आणलास?"

"हुजुरांच्या दुधाच्या पेल्यावरून."

मामा, हे तोंडातून कसं निसटलं मला माहीत नाही. साहेबांनी तो अंक पुढे ओढला. मग म्हणाले, "आणि ही बिगुलवाल्याची हकीकत वर्तमानपत्रापर्यंत गेली कशी?"

मला खोटं बोलता येत नाही, नुसतं गप्प बसता येतं, आणि गप्प बसण्यात तर साहेब माझे गुरू. शेवटी सांगून टाकलं. "हुजूर, हर्डलिचका माझे मामा."

"जिवंत आहे तो?"

"गुडघा दुखतो, हुजूर. बाकी आहेत."

साहेब खिडकीपाशी गेले. पाठ माझ्याकडे. मला वाटलं आता घंटा वाजवून मला बाहेर काढायला सांगतील. ते वळले आणि म्हणाले, "उद्या कॉफीच्या वेळी उत्तराचा मसुदा आण. त्यात एक शब्द खोटा निघाला तर तू चालायला लागायचं. आणि मला किंवा हर्डलिचकाला खाली मान घालावी लागेल असा एक शब्द निघाला, तरी चालायला लागायचं. जा."

मी किती कागद फाडले ते सांगत नाही. रोझलने खिडकीतून विचारलं, "कोणाला एवढं लांब पत्र लिहितोस?" मी म्हटलं, "लांब नाही, फार आखूड आहे, म्हणून वेळ लागतोय." ती रागावून गेली. तिला वाटलं दुसरी कोणी आहे.

आता कॉफीचा पेला वाजला. आत हसण्यासारखा आवाज आला, पण तो खोकलाही असू शकेल. टपालाची गाडी फाटकात आली आहे, म्हणून हे असंच बंद करतो.

व्हेंडेलिन


ग्रासेनहोफ, १४ मे १८८२

हर्डलिचका,

हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहितोय. सांगून लिहवून घेतलं की तुझा भाचा माझ्या व्याकरणावर उसासे टाकतो.

त्याचा मसुदा एका ओळीचा होता. 'हुजुरांनी हुकूम बिगुलवाल्याला समजेल अशा भाषेत दिला.' मी त्यात खोटं शोधलं, सापडेना. लाज शोधली, तीही सापडेना. सही करून टाकली. कचेरीतल्या जर्मन साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, म्हणजे जर्मनच, सैनिकाला हुकमाची भाषा समजते. चेक साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, मोराव्हियाच्या पोराला काय समजणार, चेकच. दोघांनी आनंदाने शिक्के मारले. तरी भीती म्हणून दगडावर आता नुसती तारीख कोरणार आहेत.

आता तुझं आणि माझं. तुझ्या भाच्याला वाटतं मी 'नाही' म्हणालो. तुला बहुतेक पूर्वीपासून तेच वाटत असणार. तू दिसतोस तितका बावळट कधीच नव्हतास. मी तुला खरं सांगतो, मला माहीत नाही. मला वाढवणारी दाई तुमच्याच बाजूची होती. मास्तरीण यायच्या आधी मला तिचीच भाषा येत होती. खिरीचा चमचा तोंडापुढे धरून ती म्हणायची, "ना, एगोनेक, ना." तुतीमागे थांबायचा हुकूम माझ्या खिशात होता आणि त्या तोफा पाठ करून उभ्या होत्या. माझ्या मनात काय होतं? थांबायचं होतं आणि जायचंही होतं. तू विचारलंस. माझ्या तोंडून तो शब्द निघाला. कोणत्या भाषेतला, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतोय. क्रॉस देताना वरच्यांनीही विचारलं होतं. मी गप्प राहिलो. त्यांनी त्याला विनय म्हटलं.

त्या शेतात आपले लोक पडले. हावरानेक पडला, दोघे कूबिक भाऊ पडले. त्यानंतर बिगुलवाल्यासमोर मी तोंड उघडलं नाही. जे सांगायचं ते लिहून द्यायचो. लोक म्हणायचे, किती खोल माणूस! आणि मला ब्रिगेड दिली. १८६६ साली (साल तुझ्या भाच्याने बसवलंय) बोहेमियात वरून निरोप आला, हल्ला करा. समोर प्रशियनांच्या नव्या बंदुका होत्या. बिगुलवाला विचारत होता, "वाजवू?" मी गप्प. त्याने पुन्हा विचारलं. मी पेन्सिल शोधायला लागलो. ती सापडेपर्यंत लढाई दुसरीकडे हरून झाली होती. त्या संध्याकाळी माझी ब्रिगेड जेवायला सगळीच्या सगळी हजर होती. हे कोरायला मात्र कोणी दगड घेऊन आलं नाही.

तुझ्या भाच्याने हे सगळं माझ्याकडून काढून घेतलं आणि कारकीर्दीत लिहिलं आहे. मी हो-नाही काही म्हणालो नाही. उत्सवात वाचतील का, ते त्यांचं ते बघतील.

तुझ्या भाच्याच्या लग्नाला ये. माळी म्हणतो तुला पंगतीत त्याच्या शेजारी बसवा, मला वाटतं माझ्या शेजारी. गुडघ्यासाठी खुर्ची ठेवतो.

तुझा भाचा काल आला होता, फाटकाचं घर आणि ती मुलगी, दोन्हींबद्दल विचारायला. दारातच पांढराफटक पडून उभा. मी तोंड उघडलं नाही. कागद घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'होय' लिहिलं, आधी जर्मनमध्ये आणि खाली तुमच्या भाषेत. तुमच्या भाषेतल्या शब्दात माझी एक चूक होती. पोराने ती दुरुस्त केली, वाळू टाकून शाई सुकवली, आणि मग धावत सुटला.

ट्राउनेग